ड्यूटी लागणे

जर्मन भाषेत ‘आउसझेट्सन’ असे एक क्रियापद आहे. नको असलेले मूल परक्याच्या दारी सोडून देणे, पाळलेला कुत्रा महामार्गावर उतरवून निघून जाणे, हृदयाचा ठोका मध्येच चुकणे आणि एखादा कायदा तात्पुरता बाजूला ठेवणे, या साऱ्यांसाठी ते चालते. १ जुलै २०११ पासून जर्मनीत सक्तीच्या लष्करी सेवेसाठी तरुणांना बोलावणे थांबले. सरकारी भाषेत मात्र ती सेवा ‘रद्द’ झाली नव्हती; हेच क्रियापद वापरून ती स्थगित करण्यात आली होती. बोलण्यात लोक ‘गेली एकदाची’ असे म्हणत राहिले. राज्यघटनेतील कलम जागच्या जागी राहिले, कायदाही राहिला. दारात सोडलेले ते मूल आता मोठे होऊन परत घराकडे येत आहे.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर चढाई केली आणि जर्मनीतील सार्वजनिक भाषेचा पोत बदलू लागला. २०२३ साली संरक्षणमंत्री पिस्टोरियुस यांनी देशाने ‘क्रीग्सट्युश्टिश’ व्हायला हवे असे म्हटले, त्यावर बरेच वादळ उठले. ‘क्रीग’ म्हणजे युद्ध. पण गंमत आहे ती ‘ट्युश्टिश’ या विशेषणात. कामसू गृहिणी, चोख दुकानदार, हाताला वळण असलेला सुतार यांच्यासाठी वापरायचे हे घरगुती कौतुकाचे विशेषण. ते युद्धाला जोडले गेले, तेव्हा अनेकांना युद्धापेक्षा त्या जोडणीचाच धक्का बसला असावा. ५ डिसेंबर २०२५ रोजी जर्मन संसदेने लष्करी सेवेचा नवा कायदा मंजूर केला आणि २०२६ च्या पहिल्या दिवसापासून तो लागू झाला. २००८ साली किंवा त्यानंतर जन्मलेल्या जर्मन नागरिकांना अठरा वर्षे पूर्ण झाली की एक प्रश्नावली येते; मुलांनी ती भरलीच पाहिजे, मुलींनी वाटल्यास भरावी. सेवा अजून ऐच्छिक आहे. पुरेसे स्वयंसेवक मिळाले नाहीत तर संसद वेगळा निर्णय करून ती बंधनकारक करू शकते. संसदेत मतदान झाले त्याच दिवशी अनेक शहरांत शाळकरी मुले वर्ग सोडून रस्त्यावर आली होती.

माझा विषय लष्कर नव्हे, शब्द आहे. तीसेक वर्षे पुण्यात जर्मन शिकवताना हा शब्दसमूह पुन्हा पुन्हा समोर येत राहिला, कारण युद्धोत्तर जर्मन साहित्य वाचायचे तर त्याला चुकवून जाता येत नाही. आणि दर वेळी वर्गात एक विचित्र अडचण उभी राही. मराठीत या साऱ्याला एकच नाव आहे, ‘सक्तीची लष्करी सेवा’. तेही वर्तमानपत्रातून आलेले, कोणाच्या घरात कधीही न उच्चारलेले.

या नावातील पहिल्याच शब्दापाशी थांबावे लागते. मूळ जर्मन शब्द ‘वेअरफ्लिश्ट’. त्यातला ‘फ्लिश्ट’ म्हणजे सक्ती नव्हे. कर्तव्य, देणे, बांधिलकी. शाळेत जाण्याचे बंधन ‘शूलफ्लिश्ट’, दुचाकीवर शिरस्त्राण घालण्याचे बंधन ‘हेल्मफ्लिश्ट’. पुणेकराला हे ऐकताच हसू येईल, कारण त्याच गोष्टीला आपण ‘हेल्मेटसक्ती’ म्हणतो आणि तिच्याविरुद्ध समित्या स्थापन करतो. वस्तू एक, नियम एक; जर्मन शब्द नागरिकाच्या आतून बोलतो (हे माझ्याकडून देणे आहे), मराठी शब्द त्याच्या बाहेरून बोलतो (हे माझ्यावर लादले आहे). म्हणून जर्मन माणूस मराठी माणसापेक्षा अधिक कर्तव्यदक्ष असतो, असे कोणी समजू नये. फरक इतकाच, की त्यांच्या भाषेत बंधन आधी सभ्य कपडे घालून येते. भांडण त्यानंतर सुरू होते.

आपल्याकडेही ‘सक्ती’ हा शब्द एके काळी सन्मानाने वावरत होता, हे विसरता कामा नये. १८८२ मध्ये महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये बडोदे संस्थानात ते केले, गोखल्यांनी १९११ मध्ये त्यासाठी विधेयक आणले, शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात कायदा केला. त्या मंडळींच्या तोंडी ‘सक्तीचे’ हे विशेषण म्हणजे एक वचन होते: आता कोणाला वगळता येणार नाही. त्या शब्दाची चव नंतर बदलली. १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले (राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही), तोवर ‘सक्ती’ म्हटले की अंग चोरायचे हे आपण शिकलो होतो. तेव्हा ‘वेअरफ्लिश्ट’चे भाषांतर ‘सक्तीची लष्करी सेवा’ असे करणारा मराठी पत्रकार चूक करत नाही. फक्त तो नकळत एका पक्षाचा होतो.

दुसरी अडचण याहून खोल आहे. ‘वेअर’ म्हणजे बचाव, थोपवणे. नदीवरचा बंधाराही ‘वेअर’, आणि आग विझवणारे दल ‘फॉयरवेअर’. सरकार तरुणाला बोलावते ते अशा निरुपद्रवी शब्दाने, पुराच्या पाण्याला किंवा आगीला आवरायला बोलवावे तसे. आता १९४९ ची जर्मन राज्यघटना उघडावी. तिच्या चौथ्या कलमात असे आश्वासन आहे, की कोणालाही त्याच्या सदसद्विवेकाविरुद्ध हाती शस्त्र घेऊन सेवा करायला भाग पाडले जाणार नाही. तिथे सेवेला दिलेले नाव आहे ‘क्रीग्सडीन्स्ट’, युद्धसेवा. म्हणजे राज्य मागते ती बचावसेवा आणि नागरिक नाकारतो ती युद्धसेवा. तीच बराक, तीच बंदूक, तेच पंधरा महिने. एखाद्या साहित्याच्या विद्यार्थ्याने दृष्टिकोन म्हणजे काय असे विचारले, तर मी त्याला हे दोन शब्द शेजारी शेजारी लिहून देईन. वर्षानुवर्षे जर्मनीत हा वाद दोन नावांतूनही चालला. नकार देणाऱ्याला कोणी ‘वेअरडीन्स्ट’ नाकारणारा म्हणे, कोणी ‘क्रीग्सडीन्स्ट’ नाकारणारा. आणि वक्त्याने कोणता शब्द निवडला यावरून त्याचा पक्ष ओळखू येई.

हे कलम घटनेत येत असताना थिओडोर हॉइस यांनी त्याला विरोध केला होता. पुढे तेच पश्चिम जर्मनीचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. सार्वत्रिक लष्करी सेवा हे लोकशाहीचे औरस अपत्य आहे, असे त्यांचे म्हणणे; राजाचे भाडोत्री सैन्य नको असेल तर नागरिकाने स्वतः उभे राहिले पाहिजे. युद्ध आले तर या कलमामुळे सदसद्विवेकाची घाऊक झीज होईल, अशी भीतीही त्यांनी घातली. विवेक ही वापराने झिजणारी वस्तू आहे, ही कल्पना मला मोठी चमत्कारिक वाटते, आणि पूर्णपणे खोटीही वाटत नाही. पुढे काय झाले ते पाहा.

१९५६ मध्ये सेवेचा कायदा झाला. तेव्हापासून १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत नकार देणाऱ्या तरुणाला एका समितीपुढे तोंडी परीक्षा द्यावी लागे. तिचे नाव शब्दशः ‘विवेकाची परीक्षा’. विषय होता समोर बसलेल्या मुलाचे अंतःकरण. समितीचा एक प्रश्न तर दंतकथेसारखा प्रसिद्ध झाला: तू मैत्रिणीबरोबर बागेत चालला आहेस, तिच्यावर कोणी हल्ला केला, तुझ्यापाशी पिस्तूल आहे, तर काय करशील? गोळी झाडीन म्हटले तर तू शांततावादी नाहीस. झाडणार नाही म्हटले तर खोटे बोलतोस. साहजिकच या परीक्षेचेही मार्गदर्शन सुरू झाले. चर्चमधून, संघटनांमधून तरुणांचा सराव घेतला जाऊ लागला. कोणते वाक्य चालते, कोणते चालत नाही, हे जुने परीक्षार्थी नव्यांना सांगू लागले. आपल्यापैकी ज्यांनी एम. ए. च्या तोंडी परीक्षा घेतल्या आहेत त्यांना यापुढचे सांगायला नको. विवेकाची भाषा पाठ झाली. आतून खरोखर हललेला, पण बोलायला अडखळणारा मुलगा नापास होई आणि वक्तृत्वस्पर्धा गाजवलेला सुटे. हॉइस म्हणाले ती झीज नकारामुळे झाली की परीक्षेमुळे, याचे उत्तर मी परीक्षेच्या बाजूने देईन.

ज्यांना नकार मान्य होई त्यांना १९६१ पासून पर्यायी सेवा करावी लागे: रुग्णालये, वृद्धाश्रम, अपंगांच्या संस्था. तिचे आधीचे अधिकृत नाव ‘एरझात्स’, म्हणजे बदली सेवा. १९७३ पासून ‘त्सिविलडीन्स्ट’, नागरी सेवा. हा ‘एरझात्स’ शब्द तरुणाला बोलावणाऱ्या जिल्हा कार्यालयाच्या नावातही होता. तिथे ‘बदली’ म्हणजे कोणाच्या बदली, याचा विचार फारसा कोणी करत नसे. गिरणगावातला बदली कामगार निदान जिवंत माणसाच्या जागी उभा राही. नागरी सेवकांना सुरुवातीला सर्रास ‘ड्र्युकेबेर्गर’ म्हटले जाई. याला मराठीत अतिशय नेमका शब्द आहे, ‘अंगचोर’. १९८४ मध्ये तर त्यांची सेवा वीस महिन्यांची करण्यात आली, सैनिकाची पंधरा होती तेव्हा. विवेकाची किंमत पाच महिने. आणि तरी वृद्धाश्रमातल्या आजीबाईंना रोज सकाळी कपडे घालून देणारा हा लांब केसांचा मुलगा हळूहळू घराघरांत ओळखीचा झाला. अंगचोर जाऊन ‘त्सिवी’ हे लाडके, आखूड नाव आले. १९९०च्या दशकाच्या अखेरीस एकाच वेळी लाखाहून अधिक त्सिवी काम करत होते, आणि २०११ मध्ये लष्करी सेवा थांबली तेव्हा तिच्याबरोबर तेही जाणार म्हणून रुग्णालयांना घोर पडला. शब्दाची प्रतिष्ठा अशी खालून वर चढलेली मी फार कमी वेळा पाहिली आहे. कोणत्याही समितीने ती ठरवली नव्हती.

स्वेन रेगेनर यांच्या ‘नॉये फार झ्यूड’ या २००४ मधील कादंबरीचा नायक फ्रांक लेमान ब्रेमेनमध्ये राहतो, साल १९८०. त्याचे मित्र कडवे डावे, आणि हा वेळेवर नकाराचा अर्ज करायलाच विसरतो, म्हणून बराकीत पोचतो. विद्यार्थ्यांना हे पुस्तक आवडते ते त्यातील विनोदामुळे. मला ते आवडते कारण विवेक, कर्तव्य, शांतता असे सगळे मोठे शब्द तयार असताना माणसाचे आयुष्य एका न पाठवलेल्या अर्जावर वळते, हे त्यात दिसते.

पूर्व जर्मनीने हा सगळा शब्दकोश वेगळाच लिहिला. भिंत उभी राहिल्यानंतर, जानेवारी १९६२ मध्ये, तिथे अठरा महिन्यांची सेवा बंधनकारक झाली आणि तिचा गौरव ‘एरेनडीन्स्ट’, म्हणजे सन्मानसेवा, असा होऊ लागला. नकाराचा हक्क नव्हता. १९६४ पासून धार्मिक कारणाने शस्त्र न घेणाऱ्यांसाठी बांधकाम-सैनिक अशी सोय झाली. त्यांच्या खांद्यावरच्या पट्टीवर फावड्याचे चिन्ह असे. ही मुले पुढे शिक्षणात, नोकरीत मागे पडत. उलट, वैद्यकीय शाखेला जागा हवी असेल तर दीड वर्षाऐवजी तीन वर्षांसाठी ‘स्वेच्छेने’ सही करावी, असा अलिखित व्यवहार होता. उवे टेलकांप यांच्या ‘डेर टुर्म’ (२००८) या कादंबरीतला ख्रिस्तियान अशीच सही करतो आणि शेवटी लष्करी तुरुंगापर्यंत जातो. ‘फ्रायविलिश’, ऐच्छिक, या शब्दाचा इतका सविस्तर मृत्युलेख दुसरीकडे वाचल्याचे मला आठवत नाही. सैनिकांची स्वतःची भाषा मात्र सरकारी भाषेला अजिबात जुमानत नव्हती. सुटकेला दीडशे दिवस उरले की मुले शिंप्याची दीडशे सेंटिमीटरची पट्टी आणत आणि रोज एक सेंटिमीटर कापत. सन्मानसेवेची ती मोजणी.

पश्चिमेकडच्या मोजणीसाठी हाइनरिख ब्योल यांची ‘एंडे आइनर डीन्स्टफार्ट’ (१९६६) ही दीर्घकथा आहेच. लष्करी गाडीच्या तपासणीआधी तिच्या मीटरवर ठराविक किलोमीटर दिसायला हवेत, म्हणून एका तरुण सैनिकाला गाडी घेऊन उगाच फिरायला पाठवतात. तो आपल्या सुतार बापाबरोबर ती गाडी जाळतो, आणि एका लहान गावच्या कोर्टात खटला चालतो. हे शीर्षक मराठीत कसे आणावे यावर वर्गात नेहमी वाद होई. ‘डीन्स्टफार्ट’ म्हणजे सेवाप्रवास? कर्तव्ययात्रा? यात्रा म्हटले की पंढरपूर आठवते. एकदा मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याचे वडील एस. टी. त वाहक होते, सहज म्हणाला, “सर, ‘ड्यूटीवरची फेरी’.” त्यानंतर मी दुसरे भाषांतर शोधले नाही.

ड्यूटी. ‘डीन्स्ट’ला मराठीत जिवंत प्रतिशब्द हाच आहे. सेवा नव्हे, सेवा देवाची, आईबापांची. चाकरी जुनी झाली, नोकरीत पगार आधी दिसतो. ‘ड्यूटी’ मात्र पोलीस, परिचारिका, वाहक, वायरमन सगळ्यांची. आणि या शब्दाबरोबर मराठी जे क्रियापद वापरते त्यात आपला सगळा इतिहास भरलेला आहे: ड्यूटी ‘लागते’. निवडणुकीची ड्यूटी लागते, जनगणनेची लागते. या लेखाच्या वाचकांत शिक्षक बरेच असतील. त्यांना तहसीलदारांच्या सहीचा नेमणुकीचा आदेश आठवावा, त्यातील गैरहजर राहिल्यास कारवाईची ओळ आठवावी, आणि ‘ड्यूटी रद्द करून घेणे’ या कलेतले आपापल्या शाळेतील निष्णात आठवावेत. सक्तीच्या सेवेचा अनुभव आपल्याला नाही असे नव्हे. तो दोन दिवसांचा असतो आणि मतदान यंत्राच्या पेट्या घेऊन एस. टी. ने जातो, इतकेच.

भारताच्या राज्यघटनेचे तेविसावे कलम या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. पहिला खंड वेठबिगारीला मनाई करतो, आणि लगेच दुसरा सांगतो की सार्वजनिक कामासाठी राज्याला अनिवार्य सेवा लादता येईल, मात्र तीत केवळ धर्म, वंश, जात वा वर्ग यांवरून भेद करता येणार नाही. वेठ आणि ड्यूटी एकाच कलमात, पाठीला पाठ लावून. ‘वेठ’ हा संस्कृत ‘विष्टि’पासून आलेला फार जुना शब्द, गावकामगाराच्या पाठीवर तो पिढ्यान्‌पिढ्या होता. वेठीला ज्यांना धरले गेले त्यांच्या जाती ठरलेल्या होत्या, म्हणूनच त्या दुसऱ्या खंडात ती अट आली असणार. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने मूलभूत कर्तव्यांत, बोलावणे आल्यास देशाचे रक्षण व राष्ट्रीय सेवा करणे, हेही घातले. बोलावणे आजवर आलेले नाही. भारतीय सैन्य भरतीवरच चालत आले आहे.

‘भरती’ या शब्दापाशी मला जे सांगायचे आहे ते येते. साताऱ्याकडच्या एका गावाच्या नावातच ‘मिलिटरी’ आहे, अपशिंगे मिलिटरी. शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी आहे. या भागांत मुलगा सैन्यात ‘लागतो’. नोकरी लागते तसा, लॉटरी लागते तसा. ‘भरती झाला’ या वाक्याचा कर्ता तो मुलगा असतो. जर्मन वाक्यात तो कर्म असतो: त्याला आत ओढले गेले, त्याला बोलावले गेले. त्याच्या शारीरिक तपासणीचे नाव ‘मुस्टरुंग’. ‘दाखवणे’ अशा अर्थाच्या लॅटिन धातूपासून आलेला हा शब्द आपल्याकडे इंग्रजीच्या वाटेने रोजगार हमीच्या कामावर पोचला; तिथल्या ‘मस्टर’वर नाव लागावे म्हणून बाया पहाटेपासून रांग धरत. एकाच धातूचे दोन शब्द: तिकडे नाव यादीतून सुटावे म्हणून पाठदुखीचे प्रमाणपत्र, इकडे नाव लागावे म्हणून रांग. २०२२ च्या जूनमध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली तेव्हा देशात अनेक ठिकाणी तरुण रस्त्यावर आले, कारण चार वर्षांनंतर फक्त पंचवीस टक्क्यांना पुढे घेणार होते. सेवा फार आखूड आहे, ही त्यांची तक्रार. साडेतीन वर्षांनी त्याच वयाची जर्मन मुले सेवा नकोच म्हणून वर्गाबाहेर आली. दोन्हीकडची मुले खोटे बोलत नव्हती.

म्हणून मराठीत ‘नकार देणारा’ या माणसाला नाव नाही. जर्मन कायद्याने बंधन उघड केले, त्यामुळे त्याला नाही म्हणण्याचे शब्दही जर्मनला घडवावे लागले: सरकारी, शिवराळ, लाडके, विनोदी. बर्लिनमध्ये शपथविधीच्या निषेधाला मुलांनी ‘गेल्यॉबनिस’ या शब्दाचे शेपूट पिरगाळून ‘गेल्यॉबनिक्स’ म्हटले होते. ‘निक्स’ म्हणजे काही नाही. आपल्याकडे बंधन घातले ते कोरडवाहू चार एकरांनी. त्याला कोणत्या समितीपुढे नाही म्हणायचे?

हे सारे मी आजवर पुस्तकी पातळीवर म्हणत असे. यंदा ते अंगावर आले. माझी एक जुनी विद्यार्थिनी पंचवीस वर्षांपूर्वी जर्मनीत गेली, तिथलीच झाली. तिच्या मुलाला यंदा अठरा पूर्ण झाली आणि ती प्रश्नावली आली. मुलाने ती भरली आणि त्याचबरोबर चौथ्या कलमाखाली नकाराचा अर्ज करायचे ठरवले. तिचे वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, आता सातारा जिल्ह्यात गावी असतात. तिने मला लिहिले: “सर, आबांना हे मराठीत समजावून सांगाल का? मी सांगितलं तर त्यांना वाटतं, मी पोराची बाजू घेते.” मी आधी कागदावर लिहायला बसलो. ‘सदसद्विवेकबुद्धीनुसार नकार’ असे लिहिले आणि खोडले. हे वाक्य मराठीत फक्त न्यायालयात जगू शकते. ‘सैन्यात जायला नाही म्हणतो’ असे लिहिले, तेही खोडले. सुभेदारांच्या कानांना त्यातून एकच शब्द ऐकू गेला असता आणि तो ‘पळपुटा’.

शेवटी फोन केला. पलीकडून पहिलाच प्रश्न आला, “सर, पोरगं लागलं का न्हाई?”

मी म्हटले, “सुभेदारसाहेब, नोकरी लागावी तसं नाही. ड्यूटी लागावी तसं.”

“म्हंजी इलेक्शनवानी?”

“तसंच. अजून लागलेली नाही, पण यादी करताहेत.”

ते क्षणभर थांबले. “आमाला कुनी बोलावलं न्हवतं,” ते म्हणाले, “आमी आपल्या पायानं बेळगावला गेलो. पाच भाव आन् चार एकर. सक्ती न्हवती सर, पर दुसरं व्हतं काय?” मग मी मुलाच्या अर्जाचे सांगितले. माणसाला मारण्याचे शिक्षण घ्यायला त्याचे मन तयार नाही, आणि तिकडच्या कायद्यात तसे म्हणायची सोय आहे, इतके साधे. सुभेदारांनी सेवेतून आल्यावर तुळशीची माळ घातली आहे, हे मला ठाऊक होते. पण ती तुलना माझी नव्हे, त्यांची.

“माळकऱ्यागत म्हना की.”

“हो, तसंच काहीसं.”

“माळ घातल्याला मटनाचा आग्रव कुनी करत न्हाई. पर त्यानं पंगत सोडून जाऊ ने. वाढायला हुबं ऱ्हावं. तिकडं वाढायचं काम हाय का?”

मी त्यांना त्सिवींची हकीकत सांगितली: वृद्धाश्रम, वीस महिने, आजीबाईंचे कपडे. हेही सांगितले की ती सेवा २०११ पासून थांबलेली आहे; आता स्वेच्छेने वर्षभर असे काम करण्याची योजना आहे, पण तिथे कोणाला बोलावत नाहीत, आपण जायचे. सुभेदारांना हे फारसे रुचले नाही. बोलावल्याशिवाय जाण्यात त्यांना आपली बेळगावची वाट दिसली असेल. मी विचारले नाही. “लिवून धाडा सर,” ते म्हणाले, “पोराला वाचून दावतो. त्याला मराठी वाचता येत न्हाई, पर आईकतंय.”

मी चार ओळी लिहून पाठवल्या. त्यात ‘सक्ती’ नाही, ‘सेवा’ नाही, ‘विवेक’ नाही. ‘नकार’ या शब्दाच्या जागी ‘मन घेत नाही’ असे लिहिले आहे. ‘वेअरफ्लिश्ट’च्या जागी ‘बंदुकीची ड्यूटी’. शुद्धलेखनासाठी चिठ्ठी पुन्हा वाचताना ‘ड्यूटी’तला ‘ड्यू’ दीर्घ की ऱ्हस्व, याचा शब्दकोशात निर्णय पाहायचा होता, पण टपालाची वेळ झाली होती.